जुना पिकअप, हवेचं सस्पेन्शन आणि चाकांची निवड : आधी कागदावर, मग गॅरेजमध्ये



गेल्या गणेशोत्सवात हॉलच्या पार्किंगमध्ये माझा १९६९ चा शेवरोले सी-१० 'फुस्स' करून खाली बसला, तेव्हा आरतीला निघालेली निम्मी मंडळी तिथेच थांबली. त्यानंतर फोन आणि ई-मेल येत राहिले. "आमच्या शेजाऱ्यांकडे असाच एक ट्रक पडून आहे, घेऊ का?", "चाकं कुठली बसतील?", "हे स्वतः करता येतं का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढावं म्हणून हा लेख. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, डिग्री इंजिनिअरिंगची, पण पाना हातात धरायला शिकलो ते बाबांकडून. ते एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. दोन वर्षांपूर्वी ते सहा महिन्यांसाठी इकडे मिशिगनला आले आणि हे काम आम्ही दोघांनी मिळून केलं.

इथली उदाहरणं १९६७ ते १९७२ च्या सी-१० ची आहेत, कारण मला तोच ट्रक माहीत आहे. हिशोबाची पद्धत मात्र कुठल्याही जुन्या पिकअपला लागू पडते.

हवेचं सस्पेन्शन म्हणजे काय?

आपल्याकडच्या ट्रकला पाटे असतात, कारला कॉइल स्प्रिंग. त्या स्प्रिंगच्या जागी रबराची जाड, दोरे विणलेली बॅग बसवायची आणि तिच्यात हवा भरायची, एवढीच मूळ कल्पना. मुंबई-पुणे 'शिवनेरी'ने गेलेल्यांना हे नवं नाही. स्टॉपवर बस थांबली की येणारा फुसकारा आठवा. व्होल्वोच्या बस २००१ मध्ये भारतात आल्या आणि आपल्यापैकी अनेकांनी हवेवरचा प्रवास पहिल्यांदा तिथेच अनुभवला. अमेरिकेत ग्रेहाउंडच्या प्रसिद्ध 'सीनिक्रूझर' बसला १९५४ मध्येच हवेचं सस्पेन्शन होतं. कारमध्ये कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रोमला ते दिलं, आणि १९५८ मध्ये शेवरोलेनेही पर्याय म्हणून देऊ केलं. त्या काळच्या व्हॉल्व्ह आणि सीलमधून हवा गळायची, त्यामुळे कारमध्ये ते फार टिकलं नाही. आज साहित्य सुधारलं आहे, तरी शत्रू तोच आहे : गळती आणि पाणी.

आधी ट्रक ओळखा

१९६७-७२ च्या सी-१० ला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत. मागे बहुतेकांना दोन लांब ट्रेलिंग आर्म आणि त्यावर कॉइल स्प्रिंग, काहींना पाटे. ट्रेलिंग आर्मवाला ट्रक असेल तर तुम्ही नशीबवान, कारण स्प्रिंग काढून तिथे बॅग बसवणं तुलनेने सोपं जातं. ही मांडणी इतकी चांगली निघाली की नॅसकारच्या मुख्य मालिकेतल्या शर्यतीच्या गाड्यांमध्येही तिच्यावरून घेतलेले आर्म २०२१ पर्यंत होते. पाटे असतील तर आधी ॲक्सलला आधार देणारे लिंक बसवावे लागतात. पाटा फक्त वजन पेलत नाही, तो ॲक्सल जागेवरही धरून ठेवतो. पाटा काढला आणि नुसती बॅग ठेवली तर ॲक्सलला धरणारं कोणीच उरत नाही.

दुसरी तपासणी गंजाची. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ पडतं. चेसिसवर हातोडीने ठोकत जा. टणटणीत आवाज आला तर ठीक, भद्द आला तर थांबा. गंजलेल्या चेसिसवर बॅगचे ब्रॅकेट वेल्ड करणं म्हणजे वाळवी लागलेल्या खांबाला झोपाळा टांगणं.

क्रम का महत्त्वाचा?

बहुतेक लोक आधी बॅगचा सेट घेतात आणि चाकं नंतर 'बघू' म्हणतात. मीही तेच केलं. खरा क्रम असा :

१. ट्रक कशासाठी वापरायचा ते ठरवा (शोसाठी, रविवारी फिरायला, की सामान वाहायला).
२. टायरचा व्यास ठरवा.
३. चाकाचा व्यास, रुंदी आणि ऑफसेट ठरवा.
४. मग बॅग, नॉच आणि शॉकअप.
५. शेवटी टाकी, कॉम्प्रेसर आणि वायरिंग.

कारण सरळ आहे. हवा सोडल्यावर ट्रक किती खाली बसेल हे टायरच्या उंचीवर ठरतं, आणि ॲक्सलला वर जायला किती जागा लागेल हे त्यावरून कळतं. टायर नंतर बदलला तर आधीचं वेल्डिंग वाया जातं.

चाकं : पहिला प्रश्न बोल्टचा

मूळ स्थितीतल्या १९६७ ते १९७० च्या सी-१० ला सहा बोल्ट, ५.५ इंच (१३९.७ मि.मी.) वर्तुळावर. १९७१-७२ ला पाच बोल्ट, ५ इंच (१२७ मि.मी.) वर्तुळावर. १९७१ पासून पुढे डिस्क ब्रेक सर्व सी-१० ना आले, त्याच वेळी हा बदल झाला.

पण पन्नासहून अधिक वर्षं जुन्या ट्रकच्या बाबतीत पुस्तकावर विसंबू नका. माझा ट्रक १९६९ चा, म्हणून मी सहा बोल्टची चार चाकं मागवली. मागची दोन झकास बसली. पुढे पाच बोल्ट! आधीच्या कोणा मालकाने नंतरच्या ट्रकचे डिस्क ब्रेक काढून पुढे बसवले होते. मी फक्त मागचं एक चाक उघडून पाहिलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, "अरे, चार चाकं आहेत ना गाडीला?" ती चाकं तोट्यात विकली, मागे पाच बोल्टचे ॲक्सल शाफ्ट घातले आणि नवी चाकं घेतली. तेव्हा चारही चाकं काढून मोजा.

मोजायचं कसं? सहा बोल्टमध्ये समोरासमोरच्या दोन बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत. पाच बोल्टमध्ये समोरासमोर बोल्टच नसतो, म्हणून एका बोल्टच्या मध्यापासून एक सोडून पलीकडच्या बोल्टच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. पट्टीने जवळपासचा आकडा मिळतो आणि ओळखायला तेवढा पुरतो. सोबत हबच्या मधल्या गोलाचा व्यासही मोजा. चाकाचं मधलं भोक त्यापेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही.

ऑफसेट आणि बॅकस्पेसिंग

या दोन शब्दांत सगळे गोंधळतात. चाक पालथं टाका, मागच्या कडेवर आडवी पट्टी ठेवा आणि पट्टीपासून बोल्टच्या सपाट भागापर्यंत खोली मोजा. ते बॅकस्पेसिंग. ऑफसेट म्हणजे तो सपाट भाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती सरकला आहे ते. हिशोब असा :

बॅकस्पेसिंग = (चाकाची रुंदी + १ इंच) ÷ २ + ऑफसेट

वरचा १ इंच चाकाच्या दोन्ही कडांच्या जाडीचा, ढोबळ. चाकाची रुंदी ९ इंच आणि ऑफसेट शून्य असेल तर बॅकस्पेसिंग ५ इंच. ऑफसेट +१८ मि.मी. असेल तर १८ ÷ २५.४ = ०.७ इंच वाढून ५.७ इंच. आकडा वाढला की चाक आत सरकतं, कमी झाला की बाहेर येतं.

आत किती सरकवता येईल हे पुढे स्टिअरिंगचे जोड, आर्म आणि बॅग ठरवतात, मागे बॅग आणि चेसिस. बाहेर किती काढता येईल हे फेंडरची कड ठरवते. चाक फार बाहेर काढलं तर बेअरिंगवर भार वाढतो आणि स्टिअरिंग खेचू लागतं. हे माप तीन उंचींवर घ्या : पूर्ण खाली बसलेला, चालवायच्या उंचीवर, आणि पूर्ण वर. पुढे प्रत्येक उंचीवर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवूनही पाहा. आम्ही चाकाच्या आकाराचा पुठ्ठा कापून हे केलं. पुठ्ठा फुकट, चाक नाही.

किती मोठं चाक?

मूळ चाक १५ इंची. आज लोक १८, २०, २२ इंचापर्यंत जातात. चाक मोठं झालं तरी टायरचा बाहेरचा व्यास फार बदलू नये, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि गिअरचं गणित बिघडतं. व्यास काढणं सोपं आहे : रुंदी गुणिले उंचीची टक्केवारी, त्याची दुप्पट, अधिक रिमचा व्यास.

- २३५/७५ आर १५ : सुमारे २८.९ इंच
- २५५/४५ आर २० : सुमारे २९.० इंच
- २८५/३५ आर २२ : सुमारे २९.९ इंच

पहिल्या दोघांत फरक जवळजवळ नाही. म्हणून १५ वरून २० वर जाताना ही जोडी सोयीची आहे. २२ इंची चाक दिसायला भारी, पण टायरची भिंत चार बोटांहून थोडीच जास्त उरते. इथल्या वसंत ऋतूतले खड्डे पाहता मी २० वर थांबलो. तुमच्या गावचे रस्ते तुम्हाला माहीत.

टायरवरचा भार निर्देशांकही वाचा. १०१ म्हणजे एका टायरला ८२५ किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो. ट्रकमध्ये पेव्हरच्या फरशा भरून आणायच्या असतील तर हा आकडा दिसण्यापेक्षा महत्त्वाचा.

बॅग किती दाबावर चालेल?

इथे शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं. बॅग पेलते तो भार = दाब × बॅगचं परिणामी क्षेत्रफळ. समजा पुढच्या एका चाकावर १००० पौंड येतात. बॅग चाकाजवळ नसते, खालच्या आर्मवर आतल्या बाजूला असते. ती आर्मच्या लांबीच्या ६० टक्क्यांवर असेल तर तरफेच्या नियमाने बॅगवर १००० ÷ ०.६ = सुमारे १६६७ पौंड. परिणामी क्षेत्रफळ २२ चौरस इंच धरलं तर दाब सुमारे ७६ पी.एस.आय.

हा आकडा टाकीतल्या दाबाच्या बराच खाली हवा. बॅगला चालवायच्या उंचीवरच १२० लागत असतील तर बॅग लहान निवडली किंवा चुकीच्या जागी बसवली असं समजा. चालवताना बॅग तिच्या एकूण हालचालीच्या मध्यावर असावी, म्हणजे खड्ड्यात वर आणि उतारावर खाली, दोन्हीकडे जागा राहते.

बॅग फुटण्याचं नेहमीचं कारण घासणं. हवा भरली की तिचा घेर वाढतो. पूर्ण फुगलेल्या बॅगभोवती सर्व उंचींवर किमान अर्धा इंच, जमल्यास एक इंच मोकळी जागा ठेवा. बॅग स्प्रिंगपेक्षा जाड असल्याने शॉकअपची जागा बहुधा बदलावी लागते. शॉकअप काढून टाकू नका. बॅग वजन पेलते, उसळी थांबवत नाही. आणि हवा सोडल्यावर ट्रकचं वजन बॅगवर नाही, रबरी बंपस्टॉपवर यायला हवं.

मागची बाजू : नॉच आणि आडवा दांडा

मागे ट्रक खाली आला की ॲक्सल चेसिसला टेकतो. म्हणून चेसिसला वरून कमान देतात आणि खालचा भाग कापतात, त्याला इकडे सी-नॉच म्हणतात. हा चेसिसच्या ताकदीचा प्रश्न आहे. वेल्डिंग स्वतःला उत्तम येत नसेल तर इथे माणूस लावा. मी लावला.

मागचा ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड बार. तो एका टोकाला चेसिसला, दुसऱ्या टोकाला ॲक्सलला. ॲक्सल वर-खाली होतो तेव्हा दांड्याचं टोक वर्तुळाच्या कमानीत फिरतं आणि ॲक्सलला बाजूला ओढतं. २० इंची दांडा आडव्या स्थितीतून ४ इंच हलला तर ॲक्सल सुमारे ०.४ इंच सरकतो. ३६ इंची दांड्यात तेच ०.२२ इंच. म्हणून लांब, लांबी जुळवता येणारा दांडा घ्या आणि तो चालवायच्या उंचीवर आडवा राहील असा बसवा. फेंडर आणि टायरमध्ये कुठे अर्धाच इंच जागा असेल तर हा फरक टायर वाचवतो.

प्रोपेलर शाफ्टचा कोनही त्याच उंचीवर तपासा, आणि व्हील अलाइनमेंट तिथेच करून घ्या. शो-उंचीवर केलेलं अलाइनमेंट हायवेवर कामाचं नाही.

टाकी, कॉम्प्रेसर, वायरिंग

टाकी किती मोठी? चार बॅगांचं एकूण आकारमान ३ गॅलन धरू. ५ गॅलनच्या टाकीत १५० पी.एस.आय. असेल आणि ती रिकाम्या बॅगांना जोडली, तर ढोबळ हिशोबाने दोन्हीकडे मिळून ९४ पी.एस.आय. वर तोल येतो. टाकी ३ गॅलनची असेल तर ७५ वर. माझ्या ट्रकला पुढे ७६ लागतात, म्हणजे लहान टाकीने ट्रक कॉम्प्रेसर चालल्याशिवाय उठणार नाही. म्हणून ५ गॅलन.

चारही बॅगांना स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या. डावी-उजवी बॅग एकाच नळीवर ठेवली तर वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत जाते आणि ट्रक कलंडतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

कॉम्प्रेसरला १५ ते २० ॲम्पिअर लागतात, दोन असले तर दुप्पट. जुन्या ट्रकचा मूळ अल्टरनेटर त्यापुढे तोकडा पडतो. हेडलाइट, हीटर आणि दोन कॉम्प्रेसर एकदम चालले तर बॅटरी उतरते. आधी अल्टरनेटर वाढवा. रिले वापरा, जाड वायर घ्या, आणि फ्यूज बॅटरीजवळ बसवा. कॉम्प्रेसरजवळ बसवलेला फ्यूज मधल्या वायरचं रक्षण करत नाही. कॉम्प्रेसरवर ३३ टक्के असं लिहिलं असेल तर दहा मिनिटं चालला की वीस मिनिटं विश्रांती, असा अर्थ.

नियंत्रण दोन प्रकारचं मिळतं : दाब पाहणारं आणि उंची पाहणारं. बॅगमधला दाब भारावर ठरतो. चार पाहुणे मागे सामान टाकून गेले की त्याच उंचीसाठी जास्त दाब हवा. थंडीतही तसंच. ७० अंश फॅरनहाइटच्या गॅरेजमधून १० अंशात ट्रक बाहेर काढला की बॅगेतली हवा आकसते आणि ट्रक खाली बसतो, पण दाब जवळजवळ तोच दिसतो, कारण भार तोच आहे. दाब पाहणाऱ्या यंत्रणेला वाटतं सगळं ठीक आहे. उंचीचे सेन्सर महाग आहेत, पण त्यांना खरी गोष्ट दिसते.

हवेबरोबर पाणी येतं. टाकीच्या तळाला निचऱ्याचा कॉक हवाच, आणि हिवाळ्यापूर्वी तो न चुकता उघडा. साचलेलं पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठलं तर ट्रक एका बाजूला कललेलाच राहतो. टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि नळ्या डी.ओ.टी. मान्यतेच्या हव्यात.

हे मात्र वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

बॅगा बसवून झाल्यावर मी गळती शोधायला ट्रकखाली गेलो. साबणाचं पाणी आणि ब्रश हातात. रिमोट बाकावर ठेवला होता. आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांनी तो उचलला आणि बटण दाबलं. ट्रक खाली आला, अर्धा इंच, आणि चेसिसखाली ठेवलेल्या स्टँडवर टेकला. ते स्टँड मी ठेवले नव्हते. "पाचच मिनिटांचं काम आहे" असं म्हणत होतो मी. बाबांनी मला बाजूला सारून चारही स्टँड लावले आणि मगच खाली जाऊ दिलं. एस.टी.च्या वर्कशॉपमधली त्यांची सवय. त्या दिवशी आमच्या घरात कोणी कोणाला ओरडलं नाही. मुलाला जवळ घेऊन बाबा बराच वेळ पायरीवर बसून राहिले.

म्हणून नियम :

- हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. नुसत्या जॅकवरही नाही. चेसिसखाली स्टँड, सपाट काँक्रीटवर.
- खाली जाण्यापूर्वी बॅगा रिकाम्या करा आणि यंत्रणेचा फ्यूज काढून खिशात ठेवा.
- रिमोट किल्लीसारखा जपा. मुलांच्या हाती लागेल असा नको. मोबाइलवरचं ॲप असेल तर त्याला कुलूप लावा.
- हवा पूर्ण गेली तरी टायर फेंडरला न घासता गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला नेता आली पाहिजे.
- चालवायच्या उंचीवर चेसिसचा, बॅगचा किंवा नळीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. टायर पंक्चर झाला तर तोच भाग रस्त्यावर घासेल.
- नवी चाकं बसवल्यावर ५० ते १०० मैलांनी नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.

आपल्या राज्यातले बंपर आणि दिव्यांच्या उंचीचे नियम बघून घ्या, ते राज्याराज्यांत वेगळे आहेत. विमा कंपनीला केलेले बदल लेखी कळवा. जुन्या गाड्यांसाठी ठरलेल्या किमतीचा विमा मिळतो, तो घ्या.

थोडक्यात यादी

१. चारही चाकांचे बोल्ट आणि हबचा व्यास मोजला?
२. चेसिस ठोकून पाहिली?
३. टायरचा व्यास आणि भार निर्देशांक ठरला?
४. तीन उंचींवर पुठ्ठा फिरवला?
५. बॅगच्या दाबाचा हिशोब केला?
६. पॅनहार्ड बार चालवायच्या उंचीवर आडवा आहे?
७. अल्टरनेटर पुरेसा आहे? फ्यूज बॅटरीजवळ आहे?
८. चार स्टँड आहेत?

आठव्याचं उत्तर 'नाही' असेल तर आधीच्या सातांकडे वळूच नका.

बाबा परत गेले तेव्हा स्टँड गॅरेजच्या दाराशीच मांडून गेले, अडखळल्याशिवाय आत जाता येणार नाही असे. अजून तिथेच आहेत. कोणाला ट्रक पाहायचा असेल, मोजमाप करायला पट्टी-पुठ्ठा हवा असेल किंवा दुसरा हात हवा असेल, तर पुढच्या कार्यक्रमात जरूर भेटा. मला पार्किंगमध्ये शोधणं अवघड नाही. सगळ्यात खाली बसलेली गाडी माझी. लेखात काही चुकलं असेल तर जाणकारांनी अवश्य सांगावं, दुरुस्ती करू.